पांढरी भुकटी, दोन पिंपे आणि एकवीस मृत्यू

शनिवार, ३० ऑक्टोबर १८५८. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातले ब्रॅडफर्ड हे गिरण्यांचे शहर. आठवड्याचा पगार हातात पडलेला, बाजार भरलेला, आणि मंडईत एका टपरीवर पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या जात होत्या. आयाबाया मुलांसाठी घेत होत्या, गिरणीकामगार स्वतःसाठी घेत होते. रविवारी सकाळी दोन मुले दगावल्याची बातमी आली. डॉक्टरांना प्रथम पटकीची शंका आली.

हा धागा त्या गोळ्यांविषयी आहे. थोडा लांबेल, पण धीराने वाचावा. खाद्यपदार्थांतील भेसळीविरुद्धच्या आधुनिक कायद्यांचा इतिहास लिहिताना या एका शनिवारला वळसा घालून पुढे जाता येत नाही. शिवाय या घटनेची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, तिच्यात दोष एका चुकीच्या माथी मारला जातो. माझ्या मते खरा दोष त्या चुकीच्या आधीच घडून गेला होता, आणि तो त्या काळी दोष मानलाच जात नव्हता.

पटकीची शंका अगदीच निराधार नव्हती. १८४९ च्या साथीची आठवण शहरात ताजी होती. उलट्या, जुलाब, पोटात असह्य कळा, हातपाय गार पडणे ही लक्षणे पटकीत दिसतात आणि सोमलाच्या विषबाधेतही दिसतात. सोमल म्हणजे आर्सेनिकची पांढरी भुकटी. आपल्याकडच्या वैद्यांना आणि सोनारांना तो जुना परिचित. गंमत अशी, की ‘हरताळ फासणे’ या वाक्प्रचारातला हरताळही आर्सेनिकचाच पिवळा भाऊ. पोथीत चुकलेले अक्षर झाकण्यासाठी तो फासत असत.

मात्र आजाऱ्यांचा आकडा वाढू लागला तेव्हा एक गोष्ट पुन्हापुन्हा कानावर येऊ लागली: सगळ्यांनी आदल्या रात्री मंडईतली पेपरमिंट खाल्ली होती. माग काढत पोलीस विक्रेत्यापाशी पोहोचले. त्याचे नाव विल्यम हार्डेकर. आडनाव वाचून कुणी कोकणात शोध घेऊ नये, माणूस अस्सल यॉर्कशरचा. गावात त्याला ‘हम्बग बिली’ म्हणत, कारण या पेपरमिंटच्या गोळ्यांना इंग्रजीत ‘हम्बग’ असे नाव आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ढोंग, फसवणूक. हा अर्थ मराठी माणसालाही ठाऊक आहे. योगायोग म्हणून सोडून द्यावे, इतका हा योगायोग निर्दोष नाही.

पोलिसांना हार्डेकर आजारी अवस्थेत सापडला. त्याने स्वतःही आपल्याच टपरीवरची गोळी चाखली होती. गावात घंटा वाजवत दवंडी पिटण्यात आली, भिंतींवर सूचना लागल्या: गोळ्या खाऊ नका. तोपर्यंत सुमारे पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो, गोळ्या विकल्या गेल्या होत्या. एकूण एकवीस जण मरण पावले, दोनशेच्या आसपास गंभीर आजारी पडले. मृतांत मुले बरीच होती.

डॉ. जॉन बेल यांनी कारण ओळखले: आर्सेनिक. फेलिक्स रिमिंग्टन या स्थानिक रसायनतज्ज्ञाने गोळ्या तपासून त्याला दुजोरा दिला. तेव्हाच्या एका अंदाजाप्रमाणे दर गोळीत नऊ ग्रेन विष होते. नऊ ग्रेन म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक, आणि माणूस मरायला त्याच्या निम्मे पुरते. रिमिंग्टनचा स्वतःचा अंदाज याहूनही अधिक होता. आश्चर्य एकवीस मेले याचे नाही; बाकीचे वाचले याचे आहे.

आता मागे जाऊ. हार्डेकर गोळ्या स्वतः बनवत नसे. त्या तो जोसेफ नील नावाच्या घाऊक मिठाईवाल्याकडून घेई. नीलच्या कारखान्यात गोळ्यांना साखर, डिंक, पेपरमिंटचे तेल आणि आणखी एक जिन्नस लागे. त्याला धंद्याच्या भाषेत ‘डाफ्ट’ म्हणत. डाफ्ट म्हणजे जिप्समची किंवा तत्सम खनिजाची पांढरी भुकटी. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हटले तरी चालेल. ज्याच्या गणेशमूर्तींवरून आपल्याकडे दरवर्षी वाद होतो, तेच.

मिठाईत प्लास्टर कशासाठी? साखर महाग होती म्हणून. त्या वेळी ब्रिटनमध्ये साखरेवर सरकारी कर होता. तो पूर्णपणे उठला १८७४ मध्ये. गिरणीकामगाराच्या पोराला परवडेल अशी गोळी शुद्ध साखरेची करायची, तर मिठाईवाल्याच्या पदरात काही उरत नसे. डाफ्ट अगदी स्वस्त, रंगाने पांढरे, चवीला बेचव. नील हा काही एकटा लबाड नव्हता. डाफ्ट सर्रास वापरले जाई, औषधांच्या दुकानांत उघड मिळे, आणि ते नेमके कशासाठी नेले जाते हे देणाऱ्याला ठाऊक असे.

त्या ऑक्टोबरमध्ये नीलकडचे डाफ्ट संपले. त्याच्या घरी जेम्स आर्चर नावाचा भाडेकरू राहत असे. नीलने त्याला तीनेक मैलांवरच्या शिपली गावी चार्ल्स हॉजसन या औषधविक्रेत्याकडे पाठवले. हॉजसन त्या दिवशी आजारी होता. दुकानात विल्यम गॉडर्ड हा त्याचा साहाय्यक होता. डाफ्ट कुठे आहे, असे त्याने मालकाला विचारले. माळ्यावर कोपऱ्यातल्या पिंपात, असे उत्तर मिळाले. गॉडर्ड वर गेला, कोपऱ्यातल्या एका पिंपातून बारा पौंड पांढरी भुकटी काढून त्याने आर्चरच्या हाती दिली.

ते पिंप सोमलाचे होते. त्यावर वाचता येईल अशी नीट चिठ्ठी नव्हती.

पुढचे हात जेम्स ॲपल्टन या कारागिराचे. त्याने नीलसाठी ती भुकटी साखरेत मिसळली, पाक केला, गोळ्या पाडल्या. सुमारे चाळीस पौंड माल तयार झाला. काम करता करता ॲपल्टनला मळमळ, उलट्या सुरू झाल्या. दुखणे असेल, असे त्याला वाटले. गोळ्याही नेहमीसारख्या दिसत नव्हत्या. हार्डेकरच्या सराईत डोळ्याला ते लगेच जाणवले. त्याने काय केले? भावात घासाघीस केली, सवलत मिळवली आणि माल उचलला.

मला या सगळ्या साखळीत हा क्षण सर्वांत बोलका वाटतो. बनवणारा आजारी पडला, माल वेगळा दिसला, विकणाऱ्याला शंका आली. आणि त्या शंकेचे रूपांतर सवलतीत झाले. गोळीत काहीतरी भलते आहे, याचा कुणालाच धक्का बसला नाही, कारण गोळीत काहीतरी भलते असणे हाच रोजचा शिरस्ता होता. शुद्ध साखरेची सवय असलेला धंदा कदाचित तिथेच थांबला असता.

या ठिकाणी एक कायदेशीर विपर्यास सांगायला हवा. विषप्रयोगाच्या खटल्यांनी हादरून ब्रिटिश संसदेने १८५१ मध्ये, म्हणजे या घटनेच्या सातच वर्षे आधी, आर्सेनिकच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची नोंद ठेवायची, अनोळखी माणसाला साक्षीदाराशिवाय विकायचे नाही. शिवाय सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे तो साखर किंवा पीठ समजून कुणाच्या पोटात जाणार नाही. योजना चतुर होती. पण मोठ्या प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या मालाला रंगाच्या अटीतून सूट होती, दुकानदाराने आपल्या माळ्यावर विष कसे ठेवावे याविषयी कायदा गप्प होता, आणि विष कोणी विकावे यावर तर बंधनच नव्हते. कायद्याने डोळ्यांसमोर ठेवला होता तो नवऱ्याच्या चहात विष घालणारा खुनी. माळ्यावरचा गोंधळलेला नोकर त्याच्या कल्पनेत नव्हता. हॉजसनच्या दुकानातल्या वहीत त्या विक्रीची नोंद होण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांच्या लेखी त्या दिवशी विष विकलेच गेले नव्हते.

गॉडर्ड, हॉजसन आणि नील या तिघांवर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. २१ डिसेंबर १८५८ रोजी प्रकरण यॉर्कच्या न्यायालयापुढे आले. गॉडर्ड आणि नील यांच्यावरील आरोप मागे घेतले गेले, हॉजसन निर्दोष सुटला. एकवीस मृत्यू, आणि शिक्षा कुणालाच नाही.

हा निकाल अन्यायाचा होता का? प्रत्येकाला वेगवेगळे उभे करून पाहावे. आर्चरने सांगितले ते आणले. गॉडर्डने दाखवलेल्या कोपऱ्यातून भुकटी काढली. हॉजसनने डाफ्टच द्यायला सांगितले होते. नीलने डाफ्टच मागवले होते. ॲपल्टन आणि हार्डेकर तर स्वतःच विषाचे बळी. मारण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. तेव्हाच्या फौजदारी कायद्याच्या चौकटीत न्यायालय याहून फारसे काही करू शकत नव्हते, असे मला वाटते. पण नीलवर जो प्रश्न सरळ रोखायला हवा होता, तो त्याला कुठल्याही कलमाखाली विचारता येत नव्हता: साखरेचे पैसे घेऊन मुलांना प्लास्टर का खायला घातलेस? कारण तो गुन्हाच नव्हता.

विषाच्या जागी खरेच डाफ्ट आले असते, तर तो शनिवार कुठल्याच इतिहासात नोंदला गेला नसता. पोरांनी प्लास्टर चघळले असते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा घेतले असते.

लोकांना हे ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. चार दशके आधी, १८२० मध्ये, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या फ्रेडरिक ॲकम या जर्मन रसायनतज्ज्ञाने अन्नातील भेसळीवर एक ग्रंथ लिहून खळबळ उडवली होती. त्यात त्याने भेसळ करणाऱ्यांची नावे छापली. त्यातली एक हकिगत ब्रॅडफर्डच्या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ग्लॉस्टरच्या चीजमध्ये शिसे सापडले. माग काढला तेव्हा कळले, की चीजवाला चीजला रंग यावा म्हणून शेंद्रीच्या बियांचा रंग घाली, आणि त्यात काही वाईट नव्हते. तो रंग फिका पडू नये म्हणून रंगविक्याने त्यात हिंगूळ मिसळला. आणि ज्या औषधविक्याकडून हिंगूळ आणला, त्याने तो घरांच्या रंगकामासाठी नेला जात असणार असे समजून त्यात आधीच शेंदूर मिसळून ठेवला होता. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. तिघांपैकी कुणालाच चीजमध्ये शिसे घालायचे नव्हते, तरी ते चीजमध्ये पोहोचले.

ॲकमची कीर्ती मात्र टिकली नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि तो इंग्लंड सोडून बर्लिनला निघून गेला. ज्यांची नावे त्याने छापली होती, त्यांना किती हायसे वाटले असेल याची कल्पना करता येते.

यानंतरचा माणूस आपल्या अधिक ओळखीचा. १८३० च्या सुमारास विल्यम ओशॉग्नेसी या तरुण डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी लंडनमधील मिठाई तपासली. मुलांच्या रंगीत गोळ्यांत त्याला शिसे, तांबे, पारा यांचे विषारी रंग सापडले. ‘लॅन्सेट’ने ते छापले, सरकार हलले नाही. ओशॉग्नेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला, आणि १८५० च्या दशकात हिंदुस्थानभर तारायंत्राचे जाळे विणणारा म्हणून प्रसिद्ध झाला. कलकत्ता आणि मुंबई ज्या तारेने जोडली गेली, तिच्यामागे हाच माणूस होता. तो इकडे खांब रोवत होता आणि तिकडे मुलांच्या गोळ्या जशा होत्या तशाच राहिल्या होत्या.

१८५१ ते १८५४ या काळात ‘लॅन्सेट’चे संपादक थॉमस वेकली यांनी डॉ. आर्थर हिल हॅसल यांच्याकडून लंडनच्या बाजाराची पद्धतशीर तपासणी करवली. हॅसलचे शस्त्र होते सूक्ष्मदर्शक. कॉफीत चिकोरी मिसळली आहे की नाही हे सांगणे रसायनशास्त्राला अशक्य आहे, असे अर्थमंत्री चार्ल्स वुड यांनी तज्ज्ञांच्या हवाल्याने संसदेत सांगितले होते. हॅसलने भुकटी भिंगाखाली ठेवली. चिकोरीच्या मुळाच्या पेशी वेगळ्या, कॉफीच्या बीच्या वेगळ्या, विषय संपला. पावात तुरटी, लोणच्यात तांबे, मोहरीत पीठ, दुधात पाणी. निष्कर्षांसोबत दुकानदारांची नावे आणि पत्ते छापले जात. १८५५ मध्ये विल्यम स्कोलफील्ड या बर्मिंगहॅमच्या खासदाराच्या अध्यक्षतेखाली संसदीय समिती बसली, साक्षी झाल्या, अहवाल आला.

आणि काहीही झाले नाही. मुक्त व्यापाराच्या तत्त्वाचा तो सुवर्णकाळ. गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवून खरेदी करावी, दुकानदाराच्या काट्यात आणि डब्यात सरकारने नाक खुपसू नये, हे मत संसदेत वजनदार होते. गिऱ्हाइकाने डोळे किती उघडावेत? सूक्ष्मदर्शक घेऊन बाजाराला जावे काय?

ब्रॅडफर्डने हा युक्तिवाद बोलणे अवघड करून टाकले. २० नोव्हेंबर १८५८ च्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात जॉन लीचचे व्यंगचित्र आले: मिठाई बनवणारा एक सांगाडा. अहवालांनी जे साधले नव्हते, ते त्या एकवीस मृत्यूंनी साधले. १८६० मध्ये स्कोलफील्ड यांच्याच प्रयत्नाने ब्रिटनचा पहिला सर्वसाधारण भेसळविरोधी कायदा संमत झाला. १८६८ च्या औषधविक्री कायद्याने विषे कोणी विकावीत आणि त्यांवर चिठ्ठी कशी असावी हेही ठरले.

मात्र १८६० चा कायदा वाचताना निराशा होते. तपासनीस नेमण्याची स्थानिक संस्थांना मुभा होती, सक्ती नव्हती. फार थोड्यांनी नेमले. दंड पाच पौंड. आणि विकणाऱ्याला भेसळीची जाणीव होती, हे सिद्ध करावे लागे. म्हणजे हार्डेकर या कायद्याखालीही सुटला असता. नील अडकला असता की नाही, हेही वकिलावर अवलंबून होते.

नेमक्या त्याच १८६० साली हिंदुस्थानसाठी भारतीय दंड संहिता तयार झाली. तिचे २७२ वे कलम भेसळीचे. विक्रीसाठीच्या खाण्यापिण्याच्या वस्तूत भेसळ करून ती अपायकारक केल्यास सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. वाचायला बरे वाटते. पण सगळा भार ‘अपायकारक’ या एका शब्दावर होता. दुधात विहिरीचे स्वच्छ पाणी घातले, तर दूध अपायकारक होत नाही. फक्त दूध राहत नाही. नीलचे डाफ्टही या कलमाच्या तावडीतून सहज निसटले असते.

ब्रिटनमध्ये ही फट १८७५ च्या कायद्याने बुजली. त्याचे सहावे कलम विषाचा विचारच करत नाही. गिऱ्हाइकाने जी वस्तू मागितली तिचे स्वरूप, द्रव्य आणि दर्जा नसलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारणे हाच गुन्हा. मुलाने साखरेची गोळी मागितली, प्लास्टरची दिली. पोट दुखो वा न दुखो, दोष सिद्ध.

आपल्याकडे मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतंत्र भेसळ प्रतिबंधक कायदा केला. इतर प्रांतांचेही आपापले कायदे होते. सगळ्या देशासाठी एकच अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला १९५४ मध्ये; अंमल १ जून १९५५ पासून. त्याच्या १९ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते, की विकलेल्या वस्तूचे स्वरूप आपल्याला ठाऊक नव्हते हा विक्रेत्याचा बचाव ऐकला जाणार नाही; विश्वासार्ह उत्पादकाची लेखी हमी असेल तर गोष्ट वेगळी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने पुढे त्याची जागा घेतली.

यॉर्कच्या न्यायालयात डिसेंबर १८५८ मध्ये ‘मला ठाऊक नव्हते’ हेच उत्तर पुरेसे ठरले होते.

पुढच्या धाग्यात मँचेस्टर, १९००. पुन्हा आर्सेनिक, पुन्हा साखर, पण या वेळी बिअरमध्ये. सहा हजारांवर आजारी, सत्तरच्या आसपास मृत. आणि विशेष म्हणजे तिथे प्रथमदर्शनी कुणी भेसळ केलेलीच नव्हती.